विल्यम सीली गॉसेट

विल्यम सीली गॉसेट (१३ जून १८७६, कँटरबरी, इंग्लंड – १६ ऑक्टोबर १९३७, बीकन्सफील्ड, इंग्लंड) हे इंग्रज रसायनज्ञ, ब्रुअर (बीअर तयार करणारे तज्ज्ञ) व संख्याशास्त्रज्ञ होते. आयर्लंडमधील डब्लिन येथील गिनेस या बीअर कंपनीत त्यांनी ३८ वर्षे नोकरी केली. माल्ट, हॉप, यीस्ट आणि बार्ली यांच्या प्रत्येक साठ्यात आढळणारे फरक कसे मोजावेत, आणि मोजक्या तपासण्यांच्या आधारे त्या साठ्याविषयी कितपत खात्रीने निर्णय घ्यावा, या व्यावहारिक प्रश्नातून त्यांनी लहान नमुन्यांचे संख्याशास्त्र उभे केले. हे संशोधन त्यांनी ‘स्टुडंट’ (विद्यार्थी) या टोपणनावाने प्रसिद्ध केले. त्यामुळे ‘स्टुडंटचे टी-वितरण’ आणि ‘स्टुडंटची टी-चाचणी’ या संज्ञा आज जगभर प्रचलित असल्या, तरी त्यामागील व्यक्तीचे खरे नाव पुष्कळांना ठाऊक नसते.

जन्म आणि शिक्षण

गॉसेट यांचा जन्म कँटरबरी येथे झाला. त्यांचे वडील फ्रेडरिक गॉसेट हे ब्रिटिश सैन्याच्या रॉयल इंजिनिअर्स या तुकडीत कर्नल होते. आईचे नाव ॲग्नेस सीली व्हिडाल. विल्यम हे या दांपत्याचे ज्येष्ठ अपत्य. त्यांचे शालेय शिक्षण विंचेस्टर कॉलेज या जुन्या व नामांकित शाळेत शिष्यवृत्तीवर झाले. वडिलांप्रमाणे लष्करी अभियंता होण्याची त्यांची इच्छा होती. परंतु दृष्टी अधू असल्याने तो मार्ग बंद झाला. त्यानंतर त्यांनी ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजमध्ये प्रवेश घेतला. तेथे १८९७ मध्ये गणिताच्या आणि १८९९ मध्ये रसायनशास्त्राच्या परीक्षेत त्यांना प्रथम श्रेणी मिळाली. गणित व रसायनशास्त्र या दोन्ही विषयांचा पाया त्यांना पुढील कार्यात उपयोगी पडला.

गिनेस कंपनीत प्रवेश

आर्थर गिनेस यांनी १७५९ मध्ये डब्लिनच्या सेंट जेम्सेस गेट येथील कारखाना ९,००० वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो जगातील सर्वांत मोठा बीअर कारखाना बनला होता. तोवर बीअर करण्याची कला बव्हंशी अनुभवी माणसांच्या डोळ्यांवर, नाकावर व जिभेवर अवलंबून होती. बार्लीचा दाणा हातावर घेऊन पाहणे, हॉपची फुले चुरून वास घेणे आणि त्यावरून माल पसंत किंवा नापसंत करणे, ही रूढ रीत होती. उत्पादन प्रचंड वाढल्यावर ही रीत अपुरी पडू लागली. म्हणून कंपनीने १८९३ पासून ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील विज्ञान पदवीधरांना ब्रुअर म्हणून नेमण्यास सुरुवात केली. या धोरणानुसार १८९९ मध्ये गॉसेट डब्लिनला रुजू झाले. तेव्हा त्यांचे वय २३ वर्षांचे होते.

बीअरच्या बॅचमधील फरक आणि मिश्रण

गॉसेट यांच्यापुढे कोणते प्रश्न होते हे समजण्यासाठी बीअर तयार होण्याची प्रक्रिया थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. बार्लीला मोड आणून ती वाळवली व भाजली की माल्ट तयार होते. माल्ट गरम पाण्यात भिजवून त्याचा गोड अर्क काढतात. हा अर्क हॉपच्या फुलांसह उकळतात. हॉपमुळे कडवटपणा येतो आणि बीअर टिकण्यास मदत होते. उकळलेला अर्क थंड करून त्यात यीस्ट घालतात. यीस्टच्या पेशी अर्कातील साखरेचे अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड यांत रूपांतर करतात.

यातील प्रत्येक घटक निसर्गाच्या लहरीवर अवलंबून असतो. एका शेतातील बार्ली दुसऱ्या शेतातील बार्लीसारखी नसते. यंदाचे हॉप गेल्या वर्षीच्या हॉपसारखे नसतात. यीस्ट तर सजीवच असते. यीस्ट कमी पडल्यास किण्वन अपुरे राहते आणि जास्त झाल्यास चव बिघडते. स्वयंपाकघरात एकाच पिठाचे दोन घाणे जसे हुबेहूब सारखे उतरत नाहीत, तशीच बीअरची एक बॅच दुसरीसारखी उतरत नाही. घरी एखादे पीप तयार करणाऱ्याला हा फरक चालून जातो. परंतु ज्या कारखान्याची स्टाउट हजारो दुकानांत एकाच नावाने विकली जाते, त्याला तो परवडत नाही.

यावर ब्रुअरांचा परंपरागत उपाय म्हणजे मिश्रण. लाकडी हौदांत दीर्घकाळ मुरलेली, किंचित आंबूस झालेली बीअर ताज्या बीअरमध्ये मिसळण्याची प्रथा पोर्टर व स्टाउट या गडद बीअरच्या व्यवसायात पूर्वापार होती. निरनिराळ्या दिवशी तयार झालेल्या बॅच एकत्र करून त्यांतील उणे-अधिक बुजवणे, हाही त्याच उपायाचा भाग. यामागील गणित सोपे आहे. परस्परांशी संबंध नसलेल्या चार बॅच समभागात मिसळल्या, तर मिश्रणातील चढउतार एका बॅचच्या चढउताराच्या निम्मा राहतो. सोळा मिसळल्या तर चौथाई राहतो. चार वाचनांची सरासरी एका वाचनापेक्षा दुप्पट विश्वसनीय असते, ती याच नियमाने.

या उपायाला मर्यादाही आहेत. सर्व बॅच एकाच सदोष हॉपपासून केलेल्या असतील, तर त्यांचा दोष एकाच दिशेचा असतो आणि मिश्रणाने तो कमी होत नाही. एखाद्या बॅचमध्ये आंबवणारे जंतू शिरले असतील, तर ती चांगल्या बॅचमध्ये मिसळल्याने सगळा हौद वाया जाण्याची भीती असते. म्हणजे काय मिसळावे व काय वेगळे ठेवावे हे ठरवण्यासाठी प्रत्येक साठ्याची तपासणी अटळ ठरते. तपासणीला मात्र वेळ व पैसा लागतो, म्हणून ती थोडक्या नमुन्यांवरच करावी लागते. त्या थोडक्या नमुन्यांवर विश्वास किती ठेवायचा, हाच गॉसेट यांच्यापुढचा मूळ प्रश्न होता.

गिनेसमध्ये हा प्रश्न त्यांच्या येण्यापूर्वीच उपस्थित झाला होता. टी. बी. केस या शास्त्रज्ञाने हॉपमधील मृदू राळेचे प्रमाण तपासले होते. ११ नमुन्यांची सरासरी ८.१ टक्के आली आणि दुसऱ्या १४ नमुन्यांची ८.४ टक्के. हा फरक खरोखरच मालातील होता की केवळ नमुने निवडण्यातील योगायोग होता, हे ठरवण्याचे साधन त्या काळी उपलब्ध नव्हते.

१९०४ चा अहवाल

नोव्हेंबर १९०४ मध्ये गॉसेट यांनी कंपनीच्या संचालकांसाठी एक अंतर्गत अहवाल लिहिला. खगोलशास्त्र व भूमापनात वापरला जाणारा त्रुटींचा नियम बीअर कारखान्याच्या कामाला कसा लावता येईल, हा त्याचा विषय होता. माल्टपासून मिळणाऱ्या अर्काचे उदाहरण त्यांच्या या काळातील कामाचे स्वरूप स्पष्ट करते. १६८ पौंड माल्टमागे सुमारे १३३ अंश अर्क मिळावा, अशी अपेक्षा असे. तपासणीतून आलेला आकडा खऱ्या मूल्याच्या अर्ध्या अंशाच्या आत असण्याची शक्यता किती, याचे गणित त्यांनी मांडले. दोनच तपासण्या केल्यास ही शक्यता साधारण चारास एक एवढी होती. चार केल्यास ती बारास एकच्या आसपास गेली आणि पाच केल्यास एकोणीसास एकपर्यंत पोहोचली.

या मांडणीचे महत्त्व असे की, तिने व्यवस्थापनापुढे प्रश्न वेगळ्या रूपात ठेवला. आकडा अचूक आहे की नाही, असे विचारण्याऐवजी किती धोका पत्करायचा आणि तो कमी करण्यासाठी किती खर्च करायचा, असे विचारणे शक्य झाले. अनिश्चितता लपवण्याऐवजी ती मोजून व्यवहारात आणणे, हे गॉसेट यांच्या पुढील सर्व कार्याचे सूत्र राहिले.

कार्ल पिअर्सन यांच्याशी संपर्क

उपलब्ध पद्धती अपुऱ्या पडत असल्याने तज्ज्ञाचा सल्ला घेणे आवश्यक होते. जुलै १९०५ मध्ये गॉसेट इंग्लंडमध्ये सुटीवर असताना सायकलने ईस्ट इल्स्ली या गावी गेले आणि तेथे उन्हाळा घालवत असलेले संख्याशास्त्राचे अग्रणी कार्ल पिअर्सन यांना भेटले. या भेटीत पिअर्सन यांनी त्यांना त्या काळी प्रचलित असलेल्या बहुतेक पद्धतींची ओळख करून दिली. पुढे कंपनीने त्यांना अभ्यासासाठी रजा दिली आणि १९०६-०७ हे शैक्षणिक वर्ष त्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील पिअर्सन यांच्या प्रयोगशाळेत घालवले.

जानेवारी १९०६ मध्ये त्यांचा विवाह मार्जरी सर्टीस फिल्पॉट्स यांच्याशी झाला. मार्जरी या हॉकीच्या नामवंत खेळाडू असून इंग्लंडच्या महिला संघाच्या कर्णधार होत्या. या दांपत्याला एक मुलगा व दोन मुली झाल्या.

पिअर्सन यांच्या प्रयोगशाळेतील संशोधन शेकडो, प्रसंगी हजारो मोजमापांवर आधारलेले असे. तेथे नमुना मोठाच असल्याने लहान नमुन्याची अडचण जाणवत नसे. बीअर कारखान्यात मात्र चार किंवा दहा निरीक्षणांवर निर्णय घ्यावा लागे. बार्लीच्या शेतावरील एका प्रयोगाला तर पूर्ण वर्ष लागे. म्हणून मोठ्या नमुन्यांच्या शास्त्रात गॉसेट यांना त्यांच्या प्रश्नाचे तयार उत्तर मिळाले नाही. ते त्यांनी स्वतःच शोधले.

यीस्ट पेशींची मोजणी

त्यांचा पहिला शोधनिबंध १९०७ मध्ये ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तो यीस्टच्या पेशी मोजण्यातील त्रुटींविषयी होता. किण्वनासाठी घालायच्या द्रवात यीस्ट किती आहे हे ठरवण्यासाठी, रक्तातील पेशी मोजण्याचे हिमोसायटोमीटर हे उपकरण वापरत. त्याच्या काचेवर ४०० बारीक चौकटी आखलेल्या असतात. त्यांतील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. द्रव कितीही नीट ढवळला, तरी सर्व चौकटींत सारख्या पेशी येत नाहीत.

निरनिराळ्या तीव्रतेच्या चार द्रवांची प्रत्येकी ४०० चौकटींत मोजणी करून गॉसेट यांनी दाखवले की, चौकटीनिहाय पेशींची संख्या आज ‘प्वासाँ वितरण’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नियमाला अनुसरते. या नियमाचा व्यावहारिक अर्थ असा की, मोजणीतील प्रमाण त्रुटी मोजलेल्या एकूण पेशींच्या वर्गमुळाएवढी असते. ४०० पेशी मोजल्या तर त्रुटी सुमारे २०, म्हणजे ५ टक्के. ती निम्मी करायची तर चौपट, म्हणजे १,६०० पेशी मोजाव्या लागतात. किती चौकटी मोजल्या म्हणजे पुरे, हे आता अंदाजाऐवजी हिशेबाने ठरवता येऊ लागले.

१९०८ चा शोधनिबंध आणि टी-वितरण

मार्च १९०८ मध्ये ‘सरासरीची संभाव्य त्रुटी’ या अर्थाच्या शीर्षकाचा त्यांचा निबंध ‘बायोमेट्रिका’त आला. हेच त्यांचे सर्वांत प्रसिद्ध कार्य होय.

नमुन्याच्या सरासरीवर किती भरवसा ठेवावा हे निरीक्षणांच्या पसाऱ्यावर, म्हणजे प्रमाण विचलनावर अवलंबून असते. नमुना मोठा असेल तर हे विचलन नमुन्यावरूनच पुरेसे अचूक काढता येते. नमुना चारपाच निरीक्षणांचा असेल, तर मात्र विचलनाचा अंदाजच डळमळीत असतो. चारही निरीक्षणे योगायोगाने जवळजवळ आली, तर पसारा फार लहान भासतो आणि नसलेली अचूकता असल्याचा समज होतो. प्रसामान्य वितरणाच्या तक्त्याप्रमाणे ९५ टक्के खात्रीसाठी सरासरीच्या दोन्ही बाजूंना प्रमाण त्रुटीच्या १.९६ पट अंतर घेतात. चार निरीक्षणे असतील तर गॉसेट यांच्या सिद्धांतानुसार हे अंतर ३.१८ पट घ्यावे लागते. दहा असतील तर २.२६ पट. निरीक्षणे वाढत जातात तसा हा आकडा १.९६ जवळ येतो.

केवळ सूत्रावर विसंबून न राहता त्यांनी त्याची प्रत्यक्ष पडताळणीही केली. ३,००० गुन्हेगारांची उंची व डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी यांची प्रसिद्ध झालेली मोजमापे त्यांनी पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिली, ते तुकडे चांगले पिसले आणि चारचारांचे ७५० नमुने काढले. या नमुन्यांतून मिळालेले निष्कर्ष सूत्राशी बव्हंशी जुळले. संगणकाच्या साहाय्याने आज केल्या जाणाऱ्या यादृच्छिक अनुकरणाचा हा एक प्रारंभीचा नमुना मानला जातो.

त्याच निबंधात त्यांनी दहा रुग्णांवरील निद्रा आणणाऱ्या दोन औषधांचे उदाहरण घेतले. दोन्ही औषधे त्याच रुग्णांना दिली असल्याने प्रत्येक रुग्णाच्या झोपेतील फरक काढता आला. दुसऱ्या औषधाने सरासरी १.५८ तास अधिक झोप मिळाली. ते अधिक गुणकारी असण्याची शक्यता ६६६ स एक इतकी असल्याचे गॉसेट यांनी दाखवले. दहाच व्यक्तींवरून एवढा ठाम निष्कर्ष काढता येतो, हे त्या काळी नवे होते.

टोपणनाव

निबंधावर लेखकाचे नाव ‘स्टुडंट’ असे होते. व्यावसायिक गुपिते बाहेर जाऊ नयेत म्हणून गिनेस कंपनी आपल्या कर्मचाऱ्यांना स्वतःच्या नावाने संशोधन प्रसिद्ध करू देत नसे. टोपणनाव वापरावे या अटीवर तिने परवानगी दिली. तेथील इतर काही कर्मचाऱ्यांनीही ‘सॉफिस्टर’, ‘मॅथेटीस’ अशी टोपणनावे घेतली. ही नावेही विद्यार्थी या अर्थाशी निगडित आहेत. बीअर कारखान्याला संख्याशास्त्राचा लाभ होतो, ही बाब प्रतिस्पर्ध्यांपासून दडवणे कंपनीच्या हिताचे होते. ‘स्टुडंट’ कोण हे त्या क्षेत्रातील जवळच्या संशोधकांना माहीत असले, तरी गॉसेट हयात असेपर्यंत त्यांचे संशोधनकार्य प्रामुख्याने याच नावाखाली राहिले.

रोनाल्ड फिशर यांच्याशी मैत्री

१९०८ च्या निबंधाकडे सुरुवातीस फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. केंब्रिजचे तरुण गणिती रोनाल्ड फिशर यांनी १९१२ मध्ये गॉसेट यांना पत्र लिहून त्या सूत्राची काटेकोर सिद्धता पाठवली. ती अनेक मितींच्या भूमितीवर आधारलेली होती. ती आपल्या आवाक्याबाहेरची वाटल्याने गॉसेट यांनी ती पिअर्सन यांच्याकडे पाठवली. पुढे फिशर यांनी स्वातंत्र्य-मात्रांची संकल्पना मांडून हे सूत्र अनेक प्रकारच्या प्रश्नांना लागू केले. गॉसेट यांचे मूळ परिमाण ‘झेड’ होते; त्याचे ‘टी’ हे आजचे रूप या दोघांच्या पत्रव्यवहारातून आकाराला आले. १९२५ मध्ये गॉसेट यांनी हातयंत्रावर आकडेमोड करून तयार केलेले नवे तक्ते आणि फिशर यांचे विवेचन ‘मेट्रॉन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी निघालेल्या फिशर यांच्या संशोधकांसाठीच्या पाठ्यपुस्तकाने टी-चाचणी सर्वत्र पोहोचवली.

पिअर्सन आणि फिशर यांचे परस्परांशी तीव्र वैर होते. गॉसेट यांचे मात्र दोघांशीही शेवटपर्यंत स्नेहाचे संबंध राहिले. कार्ल पिअर्सन यांचे पुत्र एगॉन पिअर्सन यांनाही त्यांनी मार्गदर्शन केले. एखादे गृहीतक नाकारण्यासाठी त्याला पर्यायी असे दुसरे संभवनीय गृहीतक डोळ्यांसमोर असले पाहिजे, हा विचार १९२६ मध्ये गॉसेट यांनी एगॉन यांना पत्रातून कळवला. एगॉन पिअर्सन व येर्झी नेमन यांच्या प्रसिद्ध सिद्धांताला त्यातून चालना मिळाली.

बार्लीवरील प्रयोग

बीअरची गुणवत्ता शेतापासून सुरू होते, त्यामुळे गॉसेट यांचा बराच काळ बार्लीच्या वाणांच्या तुलनेत गेला. गिनेस कंपनी आयर्लंडच्या कृषी खात्याच्या सहकार्याने असे प्रयोग करीत असे. इंग्लंडमधील वॉर्मिन्स्टर येथील बार्ली पैदासकार ई. एस. बेव्हन यांच्याशीही गॉसेट यांचे दीर्घकाळ सहकार्य होते. आयर्लंडमध्ये हर्बर्ट हंटर यांनी निपजवलेले ‘स्प्रॅट-आर्चर’ आणि बेव्हन यांनी निपजवलेले ‘प्लूमेज-आर्चर’ हे वाण पुढे ब्रिटिश बेटांत मोठ्या प्रमाणावर पेरले गेले.

शेतजमीन एकसारखी नसते. मात्र शेजारशेजारचे पट्टे बहुधा एकमेकांसारखे असतात. एकाच सदोष हॉपपासून केलेल्या बॅच जशा परस्परांपासून स्वतंत्र नसतात, तसेच हे पट्टेही नसतात. मिश्रणाच्या बाबतीत जी अडचण ठरते, तिचाच येथे उपयोग करून घेता येतो. तुलना करायचे दोन वाण शेजारी पेरले, तर जमिनीचा बराचसा परिणाम दोघांवर सारखाच होतो आणि वजाबाकीत तो निघून जातो. पेरणीयंत्राच्या अर्ध्या रुंदीत एक वाण व अर्ध्या रुंदीत दुसरा पेरण्याची बेव्हन यांची पद्धत गॉसेट यांना म्हणूनच पसंत होती. १९२३ मध्ये तृणधान्यांच्या वाणांच्या चाचणीविषयी त्यांनी विस्तृत निबंध लिहिला. एकाच ठिकाणच्या एका प्रयोगावर न विसंबता, अनेक ठिकाणी व अनेक वर्षे प्रयोग करण्यावर त्यांचा भर असे. शेतकऱ्याने कोणते बी पेरावे आणि कारखान्याने कोणता माल घ्यावा, हे अशा निष्कर्षांवरून ठरत असल्याने त्यांतील चूक दोघांनाही महागात पडणारी होती.

याच विषयावर १९३० च्या दशकात त्यांचा फिशर यांच्याशी मतभेद झाला. कोणता वाण कोणत्या पट्ट्यात पेरायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे, असे फिशर यांचे मत होते. जमिनीविषयीची माहिती वापरून समतोल मांडणी करणे अधिक हितावह आहे, असे गॉसेट मानत. या वादावरील त्यांचा अखेरचा निबंध मरणोत्तर प्रसिद्ध झाला. फिशर यांचा यादृच्छिक मांडणीचा आग्रह पुढे सर्वमान्य झाला, तरी समतोल साधण्याचा गॉसेट यांचा मुद्दाही प्रयोगांच्या आराखड्यात टिकून आहे.

लॅनार्कशायरचा दूध प्रयोग

१९३० मध्ये स्कॉटलंडमधील लॅनार्कशायर परगण्यातील ६७ शाळांत सुमारे २०,००० मुलांवर एक मोठा प्रयोग झाला. १०,००० मुलांना चार महिने रोज पाऊण पाइंट दूध देण्यात आले. त्यांपैकी निम्म्यांना कच्चे व निम्म्यांना पाश्चरीकृत दूध मिळाले. उरलेल्या १०,००० मुलांना दूध न देता त्यांची केवळ उंची व वजन मोजण्यात आले. १९३१ मध्ये गॉसेट यांनी या प्रयोगाची चिकित्सा करणारा निबंध लिहिला.

मुलांची निवड मुळात चिठ्ठ्या टाकून किंवा नावांच्या क्रमाने करायची होती. परंतु एखाद्या गटात सुदृढ किंवा अशक्त मुले जास्त दिसल्यास अदलाबदल करण्याची मुभा शिक्षकांना होती. दूध मिळणाऱ्या गटात गरीब व कृश मुले घेण्याकडे शिक्षकांचा नकळत कल झाला असावा, असे गॉसेट यांनी दाखवून दिले. दूध न मिळालेली मुले प्रयोगाच्या आरंभीच अधिक उंच व वजनदार होती. शिवाय वजन कपड्यांसह केले होते. हिवाळ्यातील व उन्हाळ्यातील कपड्यांच्या वजनातील फरक सुस्थितीतील मुलांत अधिक आणि गरीब मुलांत कमी असणार, हेही त्यांनी लक्षात आणून दिले. शिक्षकांचा हेतू निर्मळ होता. परंतु त्यामुळे २०,००० मुलांची तुलना सदोष झाली. त्याऐवजी ५० एकसारख्या जुळ्या जोड्या घेऊन, प्रत्येक जोडीतील कोणाला दूध द्यायचे हे नाणे उडवून ठरवले, तर खर्चाच्या लहानशा अंशात अधिक भरवशाचे उत्तर मिळेल, असे त्यांनी सुचवले. नमुन्याच्या आकारापेक्षा त्याची निवड महत्त्वाची, हा धडा देण्यासाठी हे उदाहरण आजही वापरले जाते.

उत्तरायुष्य व मृत्यू

गॉसेट यांचे बहुतेक संशोधन नोकरी सांभाळून, अनेकदा घरी बसून झाले. बागकाम, मासेमारी, सुतारकाम व नौकानयन यांची त्यांना आवड होती. बोटी ते स्वतः बांधत. १९३४ मध्ये मोटार अपघातात त्यांच्या पायाचे हाड मोडले आणि त्यांना दीर्घकाळ विश्रांती घ्यावी लागली.

लंडनमधील पार्क रॉयल येथे गिनेसने नवा कारखाना उभारला, तेव्हा त्याच्या उत्पादनाची शास्त्रीय बाजू सांभाळण्यासाठी १९३५ मध्ये गॉसेट लंडनला गेले. पाणी वेगळे, इमारत वेगळी, माणसे वेगळी; तरीही तेथील स्टाउट डब्लिनच्या स्टाउटशी जुळली पाहिजे, अशी अपेक्षा होती. बॅच-बॅचमधील फरकाच्या प्रश्नाने सुरू झालेली त्यांची नोकरी दोन कारखान्यांतील फरकाच्या प्रश्नाशी येऊन ठेपली. १९३७ मध्ये त्यांना प्रमुख ब्रुअरचे पद मिळाले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १६ ऑक्टोबर १९३७ रोजी, वयाच्या ६१ व्या वर्षी बीकन्सफील्ड येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

वारसा

गॉसेट यांचे निबंध एगॉन पिअर्सन व जॉन विशार्ट यांच्या संपादनाखाली १९४२ मध्ये एकत्रित रूपात प्रसिद्ध झाले. एगॉन पिअर्सन यांच्या लेखनावर आधारित त्यांचे संख्याशास्त्रीय चरित्र १९९० मध्ये निघाले.

लहान नमुन्यांच्या या शास्त्राशी महाराष्ट्राचाही संबंध आला. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिक्षण घेतल्यावर, १९३० च्या दशकात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये संशोधन केले. ज्या दोन लहान नमुन्यांचे चढउतार सारखे नाहीत, त्यांच्या सरासरींची तुलना कशी करावी, हा टी-चाचणीपुढचा अवघड प्रश्न होता. त्यासाठी फिशर व बेरेन्स यांनी सुचवलेल्या चाचणीचे तक्ते सुखात्मे यांनी १९३८ मध्ये ‘संख्या’ या भारतीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. पुढे भारतातील पीक उत्पादनाच्या नमुना पाहणीत त्यांनी मोलाचे काम केले. महाराष्ट्रातील कृषी विद्यापीठांत वाणांची तुलना करणारा विद्यार्थी आज जी टी-चाचणी वापरतो, तिचा उगम बीअरसाठी लागणाऱ्या माल्ट, यीस्ट व बार्लीच्या तपासणीत आहे.

औषधनिर्माण, शेती, मानसशास्त्र, शिक्षण अशा अनेक क्षेत्रांत टी-चाचणी आता नित्याची झाली आहे. तिच्या यांत्रिक वापरामुळे कधीकधी तिचा मूळ हेतू मागे पडतो. गॉसेट यांच्या दृष्टीने ती ठरावीक आकडा गाठून निष्कर्ष जाहीर करण्याची रीत नव्हती. हातातील पुरावा थोडा आहे हे मान्य करून, चुकीच्या निर्णयाची किंमत आणि आणखी तपासणीचा खर्च यांचा ताळमेळ घालण्याचे ते साधन होते.